अकरा पन्नासचा बझ

बुधवार, रात्री दहा

घड्याळ घेतलं ते दहा हजार पावलांसाठी. आता दिवसाच्या बेरजेकडे मी फारशी बघतही नाही. मला हवा असतो तो तासाचा बझ. तासाभरात अडीचशे पावलं झाली नसतील तर तास भरायला दहा मिनिटं उरली की ते मनगटावर हलकंसं थरथरतं. दहा पन्नास, अकरा पन्नास, बारा पन्नास. शेजारच्या डेस्कवरच्या मुलीचं घड्याळ दुसऱ्या कंपनीचं आहे, त्याला मिनिटभर उभं राहून हालचाल केलेली पुरते. मला अडीचशेचीच अट बरी वाटते. अडीचशे पावलांसाठी खुर्चीपासून लांब जावंच लागतं.

आज अकरा पन्नासला मी जीएसटीच्या ताळमेळात पार बुडाले होते. दोन आकडे जुळत नव्हते आणि मान स्क्रीनकडे ओढली गेली होती. बझ आला, उठले. डेस्क ते पॅन्ट्री, पॅन्ट्री ते लिफ्टसमोरची लॉबी आणि परत, अशा चार फेऱ्यांत काम होतं. पाण्याची लिटरची बाटली मी डेस्कवरून हलवली आहे. त्याऐवजी घरून स्टीलचं फुलपात्र आणलंय. दोन घोटांत रिकामं होतं, आणि पुन्हा उठावं लागतं. पायांना याहून चांगलं निमित्त मला अजून सापडलेलं नाही. (ताळमेळ नंतर लागला. एक क्रेडिट नोट दोनदा चढली होती.)

सकाळी म्हातोबा टेकडीवर अर्धा तास जाऊन येते, मग दिवसभर बसलं तर काय बिघडलं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. कोथरूडात निम्म्या लोकांना असंच वाटतं. २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून जास्त माणसांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास आला होता. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांचा वाढलेला मृत्यूचा धोका पुसून निघायला रोज साधारण ६० ते ७५ मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम लागतो, असं त्यात दिसलं. सकाळचा एवढा वेळ नोकरी, डबे आणि मेट्रो सांभाळून कितीजणी काढू शकतात? माझा अर्धा तास मी सोडणार नाही, पण उरलेलं ऑफिसातच मिळवायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला, आणि त्याच्या जोडीनं बसणं कमी करा, त्या जागी कसलीही हालचाल चालेल, हेही सांगितलं. हे दुसरं वाक्य ऑफिसच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे.

आणि दहा हजारांचं म्हणाल तर तो आकडा डॉक्टरांकडून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच तो आकडा होता. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्क बायकांवर झालेल्या अभ्यासात रोज ४,४०० च्या आसपास पावलं टाकणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० नंतर फायदा फारसा वाढला नाही. आईच्या मैत्रिणी दहा हजार होत नाहीत म्हणून हिरमुसून चालणंच सोडतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

गुरुवार

आज मेट्रोत आनंदनगर ते येरवडा उभीच आले. एका हाताने बार धरलेला, त्यामुळे डब्यातल्या डब्यात दारापर्यंत सरकले तरी घड्याळाने काही धरलं नाही. आत तिन्ही दिशांची हालचाल टिपणारा सेन्सर असतो आणि तो मनगटाच्या झोक्यातली लय शोधतो. हात बांधलेला असला की पाय चाललेले त्याला कळत नाहीत. मॉलमध्ये ट्रॉली ढकलताना हेच होतं. उलट पौड रस्त्यावर खड्ड्यांतून स्कूटर नेली की बसल्याबसल्या काही पावलं चढतात. म्हणून आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. माझं मी काल-आज ताडून बघते, तेवढ्याला ते विश्वासाचं आहे.

शुक्रवार, रात्री

जेवताना बाबांनी घड्याळ हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. मागचा हिरवा दिवा लुकलुकत होता. म्हटलं, तो उजेड कातडीतून रक्तापर्यंत जातो आणि परत येणाऱ्या उजेडावरून ठोके कळतात. ते म्हणाले, "अगं, आम्हाला तिकिटं मोजायची असायची. पावलं कोण मोजणार?"

बाबा पुण्याच्या सिटी बसमध्ये, पीएमटीत, कंडक्टर होते. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, गर्दीतून अंग चोरत, खांद्याला चामड्याची बॅग, हातात तिकिटांचा ट्रे आणि पंच. घरी आले की पोटऱ्यांना तेल लावून घ्यायचे. त्या सगळ्या वर्षांत साखरेचं नाव नव्हतं. निवृत्त झाले, टीव्हीसमोरची खुर्ची धरली आणि दोन-तीन वर्षांत गोळी सुरू झाली. वय, आजीकडून आलेलं, हे सगळं आहेच, एकट्या खुर्चीवर मी खापर फोडत नाही. पण १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास छापला होता. दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांपेक्षा त्याच बसच्या बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांत हृदयविकार जास्त निघाला. मी हे बाबांना सांगितलं. ते बराच वेळ त्यांच्या जोडीच्या ड्रायव्हरांची नावं घेत राहिले, कोण कशाने गेलं ते सांगत.

माझी नोकरी ड्रायव्हरची आहे. मला मधूनमधून उठवायला बेल मारणारं कुणी नव्हतं, ते काम आता घड्याळ करतंय.

माझं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तपासणी) गेल्या खेपेला ५.९ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. जेवणानंतर पायाचे स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, आणि हालणारा स्नायू हे इन्सुलिनच्या मदतीशिवायही करू शकतो. हे वाचल्यापासून दुपारच्या डब्यानंतर लगेच डेस्कवर जायचं मी बंद केलं आहे. आम्ही तिघी-चौघी इमारतीभोवती पंधरा मिनिटं चालतो. ऊन असलं की बेसमेंटच्या पार्किंगमधून.

जिन्याचं मात्र अजून अडलं आहे. ऑफिस पाचव्या मजल्यावर, मजल्याला वीस पायऱ्या, म्हणजे एकदा चढलं की जवळजवळ पर्वती झाली (पर्वतीच्या १०३). पण जिन्यातून आत यायचं दार कार्डने उघडतच नाही, फक्त बाहेर जाता येतं. दोनदा मेल केला. आग लागल्यावर उतरण्यासाठी जिना आहे, असं उत्तर आलं. ते बरोबर आहे, पण रोज चढायला का नको? कार्ड-रीडर बसवला तरी आणीबाणीत बाहेर पडायला काही आड येत नाही. सोमवारी स्वतः जाऊन बोलणार आहे, बरोबर आणखी दोघी येतो म्हणाल्या.

बाबांना घड्याळ नको आहे. "तू उठलीस की मला फोन कर, मीही उठतो," म्हणाले. बारा पन्नास आणि चार पन्नास ठरलं. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं. त्यांची पुढची तपासणी श्रावणात आहे, माझंही रक्त त्याच दिवशी देईन.