मेणबत्त्यांची संध्याकाळ

आज २४ डिसेंबर. अमेरिकेतल्या बहुतेक युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट (सगळ्या श्रद्धांच्या लोकांना सामावून घेणारा उदारमतवादी पंथ) प्रार्थनागृहांत आजची सभा चॅलिसची, म्हणजे पंथाचं चिन्ह असलेल्या चषकातली, ज्योत लावून सुरू होते आणि अंधारात हातोहात पेटणाऱ्या मेणबत्त्यांनी संपते. नियम आधीच मोठ्याने सांगायला हवा: पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची, न पेटलेली तिरकी करून तिच्या ज्योतीला लावायची. उलट केलं की गरम मेण थेट हातावर. कागदी चकती घट्ट बसवा. भोक सैल असलं तर मेण त्यातूनच ओघळतं. लहानग्यांना बॅटरीवरच्या द्या.

हनुका, म्हणजे ज्यूंचा आठ रात्रींचा दिव्यांचा सण, ज्यात दर रात्री एक मेणबत्ती वाढते, याच आठवड्यात आला, तर ज्यू रीत तंतोतंत पाळावी, पाहुण्या सणाचा तेवढा मान राखलाच पाहिजे. मेणबत्त्या उजवीकडून रचायच्या, पेटवायच्या मात्र डावीकडून, म्हणजे त्या रात्रीची नवी आधी. आठ रात्रींना शमाशसकट (बाकीच्या पेटवायला दर रात्री लागणारी जादा मेणबत्ती) ४४ लागतात.