आनंदीबाई आपल्या कल्याणच्या, पण रखमाबाई?
आनंदीबाई जोशी कल्याणच्या, ठाण्याहून फास्ट लोकलने वीसेक मिनिटं, तरी आमच्या इथे कितीतरी जणांना हे माहीत नसतं. 1865 चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ झालं ते दहा दिवसांत गेलं, आणि मग जिद्दीने 1886 ला फिलाडेल्फियात एमडी. नवऱ्याने, गोपाळरावांनी शिकवलं हे आपण शाळेपासून ऐकतो, पण अभ्यासावरून मार बसायचा, खुर्च्या फेकून मारायचे हे तिनेच गोपाळरावांना पत्रात लिहिलंय, ते भाषणात कोणी घेत नाही.

आणि तिच्याहून जेमतेम चार महिन्यांनी मोठी रखमाबाई, मुंबईची, ती तर भाषणात येतच नाही. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न लावलं, पण ती सावत्र वडिलांकडेच राहिली, डॉक्टर सखाराम अर्जुन, घरीच वाचत शिकत गेली. 1884 ला नवऱ्याने केस टाकली की बायको नांदायला पाठवा. ती म्हणाली, कळत नव्हतं तेव्हाचं लग्न मला मान्य नाही. आधी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, मग अपील झालं, आणि मार्च 1887 मध्ये हुकूम निघाला, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली तुरुंगात जाते! टिळकांनी पण तिच्या विरोधात लिहिलं, मला ते आजही पटत नाही. हुकूम निघाला त्याच्या आदल्याच आठवड्यात, 26 फेब्रुवारीला, आनंदीबाई पुण्यात वारली होती, बावीस पण पूर्ण नव्हते.

माझी लेक आता अकराची आहे. परवा तिची दुधाची दाढ पडली तर हातात घेऊन धावत आली दाखवायला, अजून दोन हलतायत. या वयात रखमाबाईचं लग्न झालेलं, माझ्या डोक्यातून ते जातच नाहीये.

1888 ला दादाजीला 2000 रुपये देऊन प्रकरण मिटलं, ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली, सुरत आणि राजकोटला कित्येक वर्षं बायकांचे दवाखाने सांभाळले, 1955 पर्यंत जगली. कायदा मात्र रांगतच होता, 1891 ला संमतीवय, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय, दहाचं बारा झालं आणि मुलीच्या लग्नाला चौदाची अट यायला 1929 उजाडलं.

नवऱ्याने शिकवलेली मुलगी आपल्याला आवडते, नवऱ्याला नाही म्हणणारी विसरायला होते. 8 मार्चला शाळेत आनंदीबाईंवर भाषण ठेवता ना, जरूर ठेवा, पण यंदा एखाद्या मुलीला रखमाबाईवर पण बोलू द्या, आणि कोर्टातलं गाळू नका.