व्हीपीएनचा कंटेनर चालू, पण हँडशेक नाही : माझा अनुभव

भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर स्वतःचा व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खासगी, कूटबद्ध मार्ग) उभारण्यासाठी मी डब्ल्यूजी-इझी ही मुक्तस्रोत प्रणाली निवडली. वायरगार्ड, म्हणजे प्रत्यक्ष व्हीपीएन चालवणारे सॉफ्टवेअर, आणि त्याचे वापरकर्ते सांभाळणारे वेबपान, दोन्ही तिच्या एकाच डॉकर कंटेनरमध्ये (सॉफ्टवेअरच्या सुट्या, स्वयंपूर्ण संचात) मिळतात. शिवाय वायरगार्ड 2020 पासून, म्हणजे 5.6 या आवृत्तीपासून, लिनक्सच्या कर्नेलमध्येच (प्रणालीच्या गाभ्यातच) असल्याने त्याचे मॉड्यूल वेगळे बांधावे लागत नाही. कंपोझ फाइल (कंटेनर कसा चालवायचा हे सांगणारी फाइल) लिहिणे, कंटेनर सुरू करणे, वेबपानावर व्यवस्थापकाचे खाते उघडणे आणि फोनवर क्यूआर कोड स्कॅन करणे हे सारे विनासायास झाले. त्यानंतर काम जिथे अडले, ती जागा माझ्या कंटेनरमध्ये नव्हती, सर्व्हरमध्येही नव्हती. आणि हे सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या मदतकक्षाला पटवून देण्यात जो वेळ गेला, त्याची चीड अजूनही ओसरलेली नाही.

फोनवरील ॲपमध्ये टनेल (व्हीपीएनची जोडणी) चालू दिसत होते, परंतु एकही पान उघडत नव्हते. वायरगार्डच्या बाबतीत या 'चालू'वर विसंबू नये. बटण सरकवले की फोनवर इंटरफेस तयार होतो आणि तो चालू दिसतो, मग पलीकडून कोणी उत्तर देत असो वा नसो. खरी खूण एकच, ती म्हणजे शेवटच्या हँडशेकची, म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांना ओळखून जोडणी जुळवल्याची, नोंद. कंटेनरमध्ये शिरून 'डब्ल्यूजी शो' ही आज्ञा दिली, तेव्हा फोनची ओळख असलेल्या सार्वजनिक कीखाली ती ओळच नव्हती.

वायरगार्डचे यूडीपी पोर्ट 51820 उघडे आहे का (यूडीपी म्हणजे आधी जोडणी न जुळवता माहिती पाठवण्याची पद्धत, पोर्ट म्हणजे सर्व्हरचे क्रमांकित दार), हे बाहेरून तपासायला जावे तर तिथेही काही हाती लागत नाही. योग्य की नसलेल्या पॅकेटला (माहितीच्या तुकड्याला) वायरगार्ड मुळीच उत्तर देत नाही. तो जाणीवपूर्वक तसाच घडवलेला आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. त्यामुळे पोर्ट तपासणारी साधने 'उघडे किंवा गाळलेले' असे संदिग्ध उत्तर देतात, आणि त्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

या टप्प्यावर बहुतेक जण कंपोझ फाइल पुन्हा पुन्हा बदलू लागतात. त्याऐवजी आधी टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारे साधन) चालवावे, असे मी आग्रहाने सांगेन, आणि तेही कंटेनरमध्ये नव्हे, मूळ सर्व्हरच्या नेटवर्क इंटरफेसवर. सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलने एखादे पॅकेट अडवण्याआधीच टीसीपीडम्प ते पाहते. म्हणून तिथे पॅकेट दिसले, तर दोष सर्व्हरच्या आत शोधावा. दिसलेच नाही, तर आतले काहीही बदलून उपयोग नाही. वायरगार्डचे पहिले हँडशेक पॅकेट नेमके 148 बाइटांचे असते आणि उत्तर न आल्यास ते साधारण पाच सेकंदांनी पुन्हा पाठवले जाते, त्यामुळे ते ओळखणे सोपे आहे. लॅपटॉपवरून अशी पॅकेटे नियमित बाहेर पडताना दिसत होती, आणि त्याच वेळी सर्व्हरवर एकही येत नव्हते. त्याच क्रमांकाच्या पोर्टवर टीसीपीची (आधी जोडणी जुळवणाऱ्या दुसऱ्या पद्धतीची) जोडणी पाठवली, तर ती मात्र लगेच दिसली. दुसऱ्या काही पोर्टांवर यूडीपी पाठवून पाहिले, तिथेही शुकशुकाट. कंपनीच्या नियंत्रण पानावर यूडीपीला परवानगी देणारा नियम लागू असल्याचे हिरव्या अक्षरांत दिसत होते, तरीही वाटेत कुठेतरी यूडीपी गाळले जात होते, हे यावरून स्पष्ट झाले.

हे सर्व मी तक्रारीच्या अर्जात लिहिले. उत्तर आले की सर्व्हर पुन्हा सुरू करून पाहावा. मी तसे केले आणि कळवले. मग सांगण्यात आले की कंटेनरमधील सॉफ्टवेअरला आम्ही साहाय्य देत नाही. मी कंटेनर पूर्ण बंद केला, केवळ टीसीपीडम्प चालू ठेवले आणि पॅकेट तरीही येत नसल्याचे दाखवले. त्यावर तिसऱ्याच व्यक्तीने लिहिले की सर्व्हरवर डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी, सहसा यूडीपी वापरणारी सेवा) चालते, म्हणजे यूडीपी सुरळीत आहे. हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे, म्हणूनच तो घातक आहे. सर्व्हरने स्वतः बाहेर पाठवलेल्या प्रश्नाचे उत्तर फायरवॉल आत येऊ देतो, कारण मूळ प्रश्नाची नोंद त्याच्याकडे असते. बाहेरून न विचारता आलेल्या पॅकेटची गोष्ट निराळी. प्रत्येक उत्तरापूर्वी दीर्घ प्रतीक्षा होती, आणि प्रत्येक वेळी नव्या माणसाला सारे पहिल्यापासून सांगावे लागत होते.

अखेर दोन्ही टोकांच्या, एकाच वेळी घेतलेल्या टीसीपीडम्पच्या फाइली जोडून, 'ही तक्रार नेटवर्क विभागाकडे पाठवावी' एवढीच मागणी मी केली, तेव्हा हालचाल झाली. हल्ल्यांपासून संरक्षण म्हणून माझ्या सर्व्हरच्या पुढे बसवलेला गाळक बाहेरून येणारे यूडीपी रोखत होता, आणि नियंत्रण पानावरील नियम त्या गाळकापर्यंत पोचतच नव्हता. त्यांनी तो शिथिल केल्याबरोबर हँडशेकची ओळ उमटली. फार मोठे ओझे उतरल्यासारखे वाटले, आणि आपली तपासणी पहिल्यापासून बरोबर होती याचा अभिमानही वाटला. ज्यांना अशी तक्रार करावी लागेल त्यांनी पहिल्याच पत्रात दोन्ही टोकांच्या फाइली, त्यांची वेळ आणि टीसीपी-यूडीपीची तुलना द्यावी. कंटेनरचा उल्लेख शक्यतो करूच नये.

आता काही सुटे मुद्दे. व्यवस्थापनाचे वेबपान 51821 या टीसीपी पोर्टवर असते. ते जगासाठी उघडे ठेवू नये. कंटेनरबाहेर खुल्या केलेल्या पोर्टांसाठी डॉकर आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम स्वतः लिहितो, त्यामुळे यूएफडब्ल्यू या फायरवॉल सांभाळणाऱ्या साधनामध्ये ते पोर्ट बंद ठेवले तरी ते उघडेच राहू शकते. कंपोझ फाइलमध्ये ते 127.0.0.1 या, फक्त सर्व्हरच्या आतून पोचता येणाऱ्या, पत्त्याशी बांधावे आणि एसएसएच टनेलमधून (सर्व्हरशी जोडणाऱ्या कूटबद्ध मार्गाने) उघडावे. मात्र डब्ल्यूजी-इझीच्या पंधराव्या आवृत्तीत एचटीटीपीएसशिवाय (वेबपानाच्या कूटबद्ध जोडणीशिवाय) प्रवेश हवा असेल, तर 'इनसिक्युअर' हा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. चौदाव्या आवृत्तीत पासवर्डऐवजी त्याचा बीक्रिप्ट हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड काढता येत नाही असे रूप) द्यावा लागत असे आणि कंपोझ फाइलमध्ये त्यातील प्रत्येक डॉलरचिन्ह दोनदा लिहावे लागे. जुनी मार्गदर्शने वाचणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

हँडशेक होतो पण मोठी पाने अर्ध्यावर अडकतात, असे एखाद्या जोडणीवर दिसले, तर वापरकर्त्याच्या बाजूला एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटांत) नेहमीच्या 1420 वरून 1280 वर आणून पाहावा. मला एका मोबाइल जोडणीवर एवढ्यानेच गुण आला. हँडशेक होऊनही पुढे काहीच जात नसेल, तर आयपी फॉरवर्डिंगची (पॅकेटे पुढे पाठवू देणारी) सेटिंग आणि कंटेनरला दिलेला नेट-ॲडमिन (नेटवर्क बदलण्याचा) अधिकार पाहावा.

कंटेनरमधील 'ईटीसी'खालचे वायरगार्डचे फोल्डर सर्व्हरवरील कायमच्या जागेशी जोडलेले असलेच पाहिजे, नाहीतर कंटेनर काढून नव्याने उभारताच सगळ्या वापरकर्त्यांच्या की नष्ट होतात. त्या फोल्डरची प्रत कूटबद्ध करूनच ठेवावी, कारण खासगी की त्यातच असतात.