तुम्ही विचारलंत म्हणून: लोक चार्ल्स शोभराजला भुलले कसे?

मी गोव्यात पर्वरीला राहते म्हटलं की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हमखास इथलं ओ कोकेरो रेस्टॉरंट आठवतं. ६ एप्रिल १९८६ ला मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडेंनी चार्ल्स शोभराजला, परदेशी प्रवाशांना औषध पाजून लुटणाऱ्या आणि मारणाऱ्या त्या खुन्याला, धरलं ते तिथेच. जवळ बेड्या नव्हत्या, म्हणून दोराने बांधून नेला. एवढं सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'देखणा होता, गोड बोलायचा, सगळं मान्य. पण जग बघायला निघालेली शिकलीसवरलेली माणसं त्याला भुलली कशी?'

काही भुललीही असतील. पण त्याच्या देखणेपणाचं जरा जास्तच कौतुक झालंय. त्याचं खरं हत्यार होतं पोटाचं औषध.

१९७५ सालचं बँकॉक घ्या. काठमांडू, गोवा, बँकॉक अशी वाट धरून युरोप-अमेरिकेतली पोरं निघालेली. खिशात प्रवासी धनादेश, मनात पोट बिघडायची धास्ती. कनिट हाउसमधल्या फ्लॅटात हा रत्नांचा व्यापारी बनून, आलँ गोतिए या नावाने राहायचा. आलेल्याला आधी गुपचूप काहीतरी पाजून आजारी पाडायचं आणि मग आपणच उशाशी बसून औषध द्यायचं. औषधाने माणूस आणखी खंगायचा आणि वर याचेच उपकार मानायचा. पासपोर्ट आपसूक याच्या हाती यायचा. मग त्यावर स्वतःचा फोटो डकवून हा पुढच्या देशात. आजारी माणूस सौंदर्य बघत नाही हो, पाण्याचा ग्लास कोण धरतंय ते बघतो.

हाँगकाँगमध्ये भेटलेलं एक डच जोडपं असंच त्याच्या घरी येऊन आजारी पडलं. डिसेंबर १९७५ मध्ये त्यांचे जळालेले मृतदेह सापडले. आधी ते दुसऱ्याच कुणाचे समजले गेले. शोध सुरू झाला तो पत्रं थांबली म्हणून. दोघं घरी नेमाने लिहीत. घरच्यांची चौकशी डच वकिलातीतल्या हर्मन क्निपेनबर्ग या तरुण अधिकाऱ्याकडे आली आणि दातांच्या नोंदींवरून ओळख पटली. आपल्याकडे 'पोचल्याचं कळव' म्हणून मागे लागणाऱ्या आयांची आपण किती थट्टा करतो!

जुलै १९७६ मध्ये दिल्लीत फ्रेंच विद्यार्थ्यांच्या अख्ख्या गटाला त्याने अशाच गोळ्या वाटल्या. त्या फार लवकर भिनल्या, एकेक जण कोसळू लागला, आणि शुद्धीवर असलेल्यांनी त्याला दाबून धरला. तरी सवय सुटली नाही. मार्च १९८६ मध्ये तिहारमधून निसटला तो पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून, वाढदिवसाच्या निमित्ताने. वाढदिवसाचा पेढा नाकारणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

मी स्वतः तरी कुठे नाकारलं होतं? विशीत एकटीच काशीला गेले होते. दुसऱ्या दिवशी पोट धरून धर्मशाळेच्या पायरीवर बसले होते. शेजारच्या खोलीतले एक गृहस्थ आले, कागदाच्या पुडीतून एक पांढरी गोळी काढून तळहातावर ठेवली. कसली, कुठली, काही न विचारता गिळली. जाग आली तेव्हा दिवेलागण झालेली. पर्स उशाखाली जशीच्या तशी, आणि दाराशी मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या, वर ताटली झाकलेला. ते तोवर गाडीला निघून गेले होते. नावही विचारायचं राहिलं.