निनावी सर्व्हेत मी 'येळवस' लिहिलं, त्याची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका मोठ्या कंपनीत मी ११ वर्षं ८ महिने काढले. नाव लिहीत नाही. गाड्यांचे पार्ट बनतात, देशात बरेच प्लँट आहेत, हेड ऑफिस इथं नाही, एवढं पुरे. मी क्वालिटीत होतो. राजीनाम्यापासून शेवटचा पैसा खात्यात पडेपर्यंत काय काय झालं ते लिहितोय, कारण मला तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. पण गोष्ट राजीनाम्याच्या बरीच आधी सुरू होते.

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातला. ४ जुलै २०१२ ला कामावर लागलो, बजाजनगरात खोली केली, पुढं लग्न झालं, तिथंच राहिलो. पहिली आठ-नऊ वर्षं तक्रारीला जागा नव्हती असं नाही, पण तक्रार करायला माणूस होता. जुने प्लँट हेड सकाळी लाईनवरून चक्कर मारायचे, ऑपरेटरला नावानं हाक मारायचे, शिव्याही द्यायचे. शिवी दिलेल्या माणसालाच दुपारी कॅन्टीनमध्ये शेजारी बसवायचे. ते रिटायर झाले आणि २०२१ मध्ये नवे साहेब आले.

नव्या साहेबांबद्दल खोटं बोलणार नाही. माणूस हुशार होता, रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, खरोखर खाली आणलं. पण सकाळची मीटिंग म्हणजे रोजची परीक्षा झाली. बोर्डासमोर उभं राहायचं, ज्याच्या रकान्यात लाल त्यानं पुढं यायचं आणि सगळ्यांदेखत ऐकून घ्यायचं. रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर 'लाईन तीनचा फोटो पाठवा' असा मेसेज यायचा, आणि दहा मिनिटांत उत्तर नाही आलं तर नुसतं प्रश्नचिन्ह. 'ओनरशिप' हा शब्द इतक्या वेळा कानावर पडला की माझी पोरगी घरात खेळताना बाहुलीला 'ओनरशिप घे' म्हणायला लागली. त्यांनाही वरून तसंच झोडपत होते, हे मला पुढं कळलं. व्हिडिओ कॉलवर बसलेले असताना केबिनच्या काचेतून त्यांचा चेहरा एकदा पाहिला होता. पण मार खाली सरकत सरकत शेवटी कंत्राटी पोरावर यायचा, आणि ते पोरगं आठ दिवसांत काम सोडायचं.

कामगारांचं बरं असतं असं मी म्हणणार नाही, पण त्यांना युनियन होती, दर तीन-चार वर्षांनी करार व्हायचा. आम्ही स्टाफ. ओळखीच्या एका वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, औद्योगिक विवाद कायद्यात देखरेखीचं काम करणारा आणि महिना १० हजारांवर पगार घेणारा माणूस 'कामगार' धरला जात नाही. (हा कायदा २०२५ पर्यंत लागू होता.) म्हणजे आम्ही ना मालक, ना मजूर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

२०२२ च्या डिसेंबरात मी येळवसला एक दिवस सुट्टी मागितली. बाहेरच्यांसाठी सांगतो: मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, आमच्याकडं येळवस. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी गावात माणूस दिसत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप (खोपटं) करायची, आत पाच पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, गव्हाची खीर, आणि माठातली आंबील. जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते. साहेबांनी अर्ज पाहिला आणि विचारलं, "ये कौनसा त्योहार है? कॅलेंडर में तो नहीं है." सुट्टी नाकारली. महिनाअखेरचं डिस्पॅच होतं, कारण खोटं नव्हतं. हसणं मात्र लागलं. रात्री मायचा फोन आला, "कधी यायलास?" मी म्हणलं, जमत नाही. "बरं," म्हणाली आणि फोन वडिलांकडं दिला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीचा एंगेजमेंट सर्व्हे आला, म्हणजे कामावरच्या माणसांना कंपनीबद्दल काय वाटतं त्याची पाहणी. बाहेरची एजन्सी, उत्तरं निनावी, मोकळेपणानं लिहा. एचआरवाले टेबलाटेबलाशी येऊन सांगत होते की कुणाचं नाव कळणार नाही. डिपार्टमेंट, वय, नोकरीची वर्षं एवढंच भरायचं होतं. भाषा मराठी निवडता येत होती. शेवटी एक मोकळा चौकोन होता. त्यात मी रात्रीच्या मेसेजचं लिहिलं, सकाळच्या मीटिंगचं लिहिलं, आणि हात थांबेना म्हणून हेही लिहिलं: 'येळवसला एक दिवस रजा मागितली तर हा कुठला सण म्हणून हसतात.'

मार्चमध्ये कॅन्टीनमध्ये टाउनहॉल, म्हणजे सगळ्यांची सभा झाली. पोहे, जिलेबी, मोठा पडदा. आधी आलेख आले, मग 'तुमचे आवाज' नावाची स्लाईड. त्यात निवडक वाक्यं जशीच्या तशी, खाली बारीक अक्षरात डिपार्टमेंट. तिसरं वाक्य माझं.

क्वालिटीत आम्ही नऊ जण. जालन्याचे, गेवराईचे, कन्नडचे, एक जळगावचा. लातूरकडचा मी एकटा. कुणी काही बोललं नाही, फक्त आठ माना वळल्या. साहेबांनी माईकवरून विचारलं, "येळवस मतलब?" आणि शेजारच्यानं, मला वाचवायचं म्हणूनच बहुतेक, सांगितलं, "सर, लातूर साईडला असतं." माझ्या हातातल्या जिलेबीचा पाक मनगटापर्यंत ओघळला होता.

आमच्या कामात पार्टवर लॉट नंबर टाकतात तो कशासाठी? उद्या तक्रार आली तर माल कुठल्या शिफ्टचा, कुठल्या मशीनचा हे काढता यावं म्हणून. दहा वर्षं हेच केलेल्या माणसानं स्वतःच्या तक्रारीवर लॉट नंबर टाकून दिला होता. आठ-दहा माणसांच्या डिपार्टमेंटमध्ये वय आणि नोकरीची वर्षं भरली की निनावी काही उरत नाही, हे आधी सुचायला हवं होतं. नाही सुचलं. ऐकून घेतच नाहीत, हे मी दोन वर्षं सोसलं होतं. ऐकून घेण्याचा कार्यक्रम करतात, हे मात्र सोसवेना.

एप्रिलच्या अप्रेझलमध्ये (वर्षाच्या कामाचे गुण) पाचपैकी दोन मिळाले. आधीची तीन वर्षं चार होते. मग तीन महिन्यांचा 'सुधारणा आराखडा'. मी कारण लेखी मागितलं तर एचआर मॅनेजर म्हणाले, "मेल कशाला, बसून बोलू ना." बसलो, बोललो, आणि त्याच संध्याकाळी मेल टाकला: आज आपलं असं असं बोलणं झालं, यात काही चुकलं असेल तर कळवावं. पुढच्या प्रत्येक बैठकीनंतर हेच केलं. एकाही मेलला उत्तर आलं नाही, पण बोलण्याचा सूर बदलला. जुलैत आराखडा 'समाधानकारक' शेरा मारून बंद केला. माझं मन तोवर निघून गेलेलं होतं.

शेंद्र्याकडं एक जागा मिळाली, पगार जवळजवळ तेवढाच. ८ डिसेंबर २०२३ ला राजीनामा दिला. डिपार्टमेंट हेडनी "ठेव, विचार कर" म्हणून कागद ड्रॉवरमध्ये सारला. या 'विचार कर'मध्ये एका मित्राचे वीस दिवस गेले होते. कंपनीनं त्याची नोटीस मंजुरीच्या तारखेपासून मोजली. म्हणून मी जागेवर येऊन तोच राजीनामा हेड आणि एचआर दोघांना मेल केला, नेमणूकपत्रातल्या ९० दिवसांच्या कलमाचा उल्लेख करून. एक प्रत स्वतःच्या मेलवर ठेवली, कारण शेवटच्या दिवशी कंपनीचा मेल बंद होतो.

९० दिवस ७ मार्चला संपत होते. ११ जानेवारीला येळवस होती. या वेळी विचारलं नाही, कळवलं. बीड, केज, अंबाजोगाई करत रात्रीच्या गाडीनं गेलो, दिवसभर रानात बसलो, रात्रीच्या गाडीनं परत. एचआरनं नोटीस एका दिवसानं वाढवली. ८ मार्चला महाशिवरात्र, म्हणून शेवटचा दिवस शनिवार, ९ मार्च २०२४. एका आंबिलीच्या तांब्यापायी दोन दिवस जास्त, पण कबूल होतं.

एक्झिट इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर 'सोडण्याचे कारण' असा रकाना होता. मी 'चांगली संधी' लिहिलं. रिलिव्हिंग लेटर अजून हातात नव्हतं. समोरच्या मुलीनं, वर्षभरापूर्वीच लागली होती, पेन खाली ठेवून हळूच विचारलं, "सर, खरं कारण?" मी म्हणलं, स्लाईडवर दाखवलं होतं की.

नो ड्यूजच्या, म्हणजे माझ्याकडं कुठल्या विभागाचं काही बाकी नाही याच्या, सह्या १४. आयटी, स्टोअर, टूल रूम, कॅन्टीन, सेफ्टी, कॅलिब्रेशन. अर्धे सहीवाले जागेवर नसतात. सकाळी चहाच्या आधी गाठा.

पैशाचं जरा सविस्तर. फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशेबाचा कागद आला त्यात ग्रॅच्युइटी १,६५,००० होती. माझा शेवटचा बेसिक २६,०००. हिशेब असा: बेसिक आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. माझ्या एका वर्षाचे नेमके १५,००० होतात. कंपनीनं अकरा वर्षं धरली होती. पण तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ११ वर्षं ८ महिन्यांची बारा वर्षं, रक्कम १,८०,०००. फोन केला तर उत्तर, "सिस्टीम तेवढीच काढते." मी फॉर्म आय (ग्रॅच्युइटी मागायचा अर्ज) भरला, हिशेब मांडला, आणि रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह पाठवला. खाली दोन ओळी घातल्या: देय झाल्यापासून तीस दिवसांत रक्कम द्यावी लागते, उशीर झाला तर दहा टक्के सरळ व्याज, आणि नाही मिळाली तर नियंत्रक प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडं, फॉर्म एन भरणार. भांडणाची भाषा एकही नाही. ८ एप्रिलला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, पूर्ण रक्कम जमा झाली. सिस्टीमला बारापर्यंत मोजता येत होतं तर. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, वेतनाची व्याख्या बदललीय, आता सोडणाऱ्यानं हिशेब त्याप्रमाणं तपासावा.)

पीएफचं वेगळंच. नव्या कंपनीच्या खात्यात ट्रान्सफरला टाकायला गेलो तर पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीखच नाही. कंपनीला तीन मेल केले, उत्तर नाही. शेवटी कळलं की शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिने झाले की आपली आपणच तारीख टाकता येते, 'मॅनेज'खाली 'मार्क एक्झिट'. आधारला जोडलेला मोबाईल चालू पाहिजे, ओटीपी त्यावर येतो. जूनमध्ये तारीख टाकली, मग ट्रान्सफर झालं. काढून घ्या म्हणणारे बरेच भेटले. दहा वर्षं पूर्ण झाली की पेन्शनचा हिस्सा काढता येत नाही, ती वर्षं पुढं पेन्शनला धरतात, म्हणून मी कशालाच हात लावला नाही.

राहता राहिला व्हर्नियर, पार्टची मापं घ्यायचं साधन. फायनलमधून एका डिजिटल व्हर्नियरचे ४,२०० कापले होते, माझ्या नावावर दिसतो आणि जमा नाही म्हणून. तो मी फेब्रुवारीतच कॅलिब्रेशनला (माप बरोबर दाखवतो का ते तपासायला) दिला होता, गेटपासचा फोटोही फोनमध्ये होता. फोटो पाठवला, दोनदा आठवण केली, मग कंटाळलो. दिवाळीत जळगाववाल्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "अरे तुझा तो व्हर्नियर, कॅलिब्रेशनच्या कपाटात होता. मीच वापरतोय सध्या. मस्त चालतो."