तुम्ही विचारलंत म्हणून: त्या ट्रकमध्ये एवढं असतं तरी काय?

रविवारी सकाळी सोसायटीमागच्या दगडमातीच्या ढिगावर मी माझा रिमोटचा ट्रक चढवत असतो. फिरायला आलेली मंडळी दोन मिनिटं थांबतात आणि ठरलेला प्रश्न येतो: "खेळण्यातलीच गाडी ना हो ही? मग एवढी महाग कशी?" हात रिमोटवर असल्याने तिथे मी हसून वेळ मारून नेतो. म्हणून सवडीने लिहितोय.

जत्रेतल्या स्वस्त रिमोटच्या गाडीला दोनच गोष्टी कळतात, हो आणि नाही. डावीकडे म्हटलं की चाकं पार डावीकडे, पुढे म्हटलं की सुसाट. माझ्या ट्रकला 'थोडंसं' कळतं. पैसे त्या 'थोडंसं'चे.

ट्रकच्या पोटात काडेपेटीएवढी एक डबी असते, तिला सर्व्हो म्हणतात. आत चिमुकली मोटर, दातेरी चाकांची रांग आणि एक पोटेन्शिओमीटर, म्हणजे जुन्या रेडिओत आवाजाच्या बटणामागे असायचा तोच भाग. रिसीव्हर सर्व्होला सेकंदाला साधारण ५० वेळा विजेचा एक ठोका पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर चाकं सरळ. एक मिलिसेकंदाकडे आखडला तर एका बाजूला, दोनकडे लांबला तर दुसऱ्या. चाकं आत्ता किती वळलीत हे पोटेन्शिओमीटर सांगत राहतो, आणि सांगितलेलं व झालेलं जुळेपर्यंत मोटर थांबत नाही. ट्रक चालू ठेवून पुढचं चाक बोटाने जरा ढकलून बघा. ते बोटालाच उलटं रेटतं आणि आतून कुरकुर ऐकू येते.

वेगाचंही तसंच. ईएससी नावाची पेटी मोटरची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते. चालू राहण्याचा वाटा जेवढा, तेवढा वेग. ट्रिगर केसभर दाबला तर ट्रक गोगलगायीसारखा सरकतो, आणि दगड चढायला तेच लागतं. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा एकेक सेल तीन व्होल्टच्या खाली गेला की बिघडतो, म्हणून त्याआधीच ईएससी हात आखडता घेते.

मोटरवरच्या छोट्या चाकाला, पिनियनला, १२ दाते आणि त्याला लागून असलेल्या स्परला ८७. मोटर सव्वासात वेळा फिरते तेव्हा स्पर एकदा. पुढे ॲक्सलपर्यंत वेग आणखी घटतो, ताकद वाढते. टॅमिया या जपानी कंपनीच्या १९८७ च्या क्लॉड बस्टरला तर दोन्ही ॲक्सलवर एकेक मोटर होती, आणि वळायची चारही चाकं.

पिनियन आणि स्पर फार घट्ट बसवले तर झिजतात, सैल राहिले तर दाते घसरतात. माझ्या पहिल्या ट्रकचा स्पर एका सकाळीत पार बोळका झाला होता. तेव्हा शिकलेली युक्ती अशी: वहीच्या कागदाची पट्टी दोघांमध्ये घालायची, मोटर दाबून धरून स्क्रू आवळायचे, मग चाक फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर नागमोडी घड्या उमटल्या आणि कागद फाटला नाही, की जमलं.

रेडिओच्या बाबतीत मात्र आताचे लोक सुखी आहेत. माझा जुना ट्रक २७ मेगाहर्ट्झवर चालायचा, आणि स्वस्त खेळणीही त्याच पट्ट्यात. एका दिवाळीत मी तो अंगणात फिरवत होतो आणि भाच्याने आपल्या नव्या गाडीचा रिमोट दाबला. ट्रक जो बिथरला तो थेट पोरांच्या किल्ल्यात. बुरूज गेला, हळीव उगवलेला उतार गेला, सिंहासनाची वाट लागली. आता २.४ गिगाहर्ट्झवर प्रत्येक रिमोटची स्वतःची ओळख असते. एकदा जोडी लावली की रिसीव्हर दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. तरी रिमोट आधी चालू आणि शेवटी बंद, ही शिस्त मी मोडत नाही.

किल्लेवाली ती पोरं आता कॉलेजात गेली. पण त्यांनी धाकट्यांना काय सांगून ठेवलंय कोण जाणे. अजूनही दिवाळीत माझा ट्रक जिन्यावरून खाली आला, की पोरं आधी महाराजांना उचलून घरात ठेवतात.