ऊन तेच, पण तिरकं पडतं

विषुववृत्ताजवळ एवढं गरम आणि ध्रुवांवर बर्फ, असं का विचारलं की बरेच जण सांगतात, ध्रुव सूर्यापासून लांब आहेत म्हणून. हे उत्तर मला मनापासून खटकतं. सूर्य साधारण १५ कोटी किलोमीटर लांब आहे आणि अख्ख्या पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटरच्या आसपास, मग त्यात जवळ काय आणि लांब काय! शिवाय पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे उत्तर गोलार्धात ऐन हिवाळ्यात.

खरी गोष्ट अशी की इतक्या लांबून येणारे किरण आपल्यापर्यंत पोचतात तेव्हा जवळजवळ समांतरच असतात, वळलेली असते ती जमीन, कारण पृथ्वी गोल आहे.

काल रात्री लाइट बंद करून चौकटीच्या वहीवर टॉर्च मारून बघितला. सरळ वरून धरला की छोटा गोल, कड एकदम ठळक, आणि टॉर्च कलता करत गेलं की तोच गोल अंड्यासारखा लांबत जातो, जास्त चौकटी व्यापतो आणि फिकट पडतो. बॅटरी तीच, बल्ब तोच, फक्त उजेड वाटला गेला. उन्हाचंही तसंच, २१ मार्चच्या सुमारास विषुववृत्तावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो पण ६० अक्षांशावर तो क्षितिजापासून ३० अंशच वर येतो, म्हणजे तेवढंच ऊन दुप्पट जमिनीवर पसरतं आणि वर वातावरणातूनही जवळपास दुप्पट वाट कापून येतं.

सूर्याचा हाच कोन धरून एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात पृथ्वीचा परीघ काढला. सायीनमध्ये, म्हणजे इजिप्तमधल्या आजच्या अस्वानला, उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी दुपारी सूर्य डोक्यावर, आणि त्याच वेळी उत्तरेकडच्या अलेक्झांड्रियात सावलीचा कोन ७ अंशांच्या थोडा वर, वर्तुळाचा पन्नासावा भाग! म्हणजे या दोन शहरांमधल्या अंतराची पन्नासपट केली की झाला पृथ्वीचा परीघ. एका सावलीवरून अख्खी पृथ्वी मोजली, हे वाचलं की मला दरवेळी भरून येतं.

त्यात पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला, म्हणून हे कोन वर्षभर बदलत राहतात. जूनमध्ये उत्तर ध्रुवावर सूर्य चोवीस तास मावळत नाही पण साडेतेवीस अंशांच्या वरही चढत नाही, त्याच उंचीवर गोल गोल फिरत राहतो, आणि ते तिरकं ऊन खालच्या बर्फावर आपटून बरंचसं परत आकाशात जातं.